दोन मुठी माया

क्यूब फुटत नव्हता आणि मॅडमना घाम फुटत होता.

क्यूब म्हणजे काँक्रीटचा ठोकळा. वीतभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. स्लॅब ओततात त्या दिवशी त्याच मालातून असे ठोकळे भरून ठेवतात आणि पुढे दाबयंत्राच्या जबड्यात देऊन चिरडतात. ठोकळा हा स्लॅबचा जामीनदार. त्यानं मार खायचा आणि तो किती खातो त्यावरून स्लॅबवर किती विसंबायचं ते ठरवायचं. ही पद्धत ज्यानं काढली त्याला ठोकळ्याचं मत विचारावंसं वाटलं नाही.

हा ठोकळा दाबाचा काटा पस्तिशीच्या आसपास असताना फुटायला हवा होता. काटा चाळिशीला टेकला, ठोकळा गप्प. पंचेचाळीस झाले, तरी कण हलला नाही. पन्नाशी ओलांडूनही गडी ठणठणीत. शेवटी बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होऊन तो फुटला, तेव्हा काटा चोपन्नवर होता.

"पास ना, मॅडम?" दारातून बाबांनी विचारलं.

बाबा म्हणजे मॅडमचे सासरे. घरी ते त्यांना सूनबाई म्हणत आणि काँक्रीटच्या प्लांटवर मॅडम. फाटक ही हद्द. एकदा दोघांची गाठ बरोबर फाटकातच पडली, तेव्हा काय म्हणावं ते न सुचून बाबांनी नुसतं खाकरून घेतलं होतं, असं ड्रायव्हर लोक सांगत. बाबांची सगळी नोकरी प्लांटच्या उंच केबिनमध्ये गेली; खडी, वाळू, सिमेंट, पाणी मोजून सोडायचं. गुडघे कुरकुरू लागले, जिना झेपेना, तेव्हा मालकांनी त्यांना खाली प्रयोगशाळेत आणून साचे भरायचं बैठं काम दिलं.

"पास," मॅडम म्हणाल्या. "फारच पास."

त्यांनी ठोकळ्याची एक फाक उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि पुन्हा उलटून पाहिली.

याचं कारण असं. सिमेंट करायचं म्हणजे चुनखडी भाजायची. भाजायला जाळलेल्या कोळशाचा धूर होतो तो वेगळाच. खुद्द दगडाच्या पोटात कोंडलेला कार्बनवायूही सुटतो, आणि तो काही धुराडं बदलून थांबत नाही. मॅडमनी वर्षभर खपून एक मिश्रण बसवलं होतं. त्यात निम्म्या सिमेंटच्या जागी पोलादाच्या भट्टीतली मळी होती, पिठासारखी दळलेली. तिच्यासाठी नव्यानं चुनखडी भाजावी लागत नाही. तिचा दोष एकच, ती सावकाश आवळते. आणि तिची खूणही एकच: ताजा ठोकळा फोडला की आत निळसर-हिरवी झाक दिसते, धुतलेल्या दौतीसारखी. मॅडमच्या हातातली फाक राखाडी होती. निळं होतं, पण आठवणीपुरतं.

मळीपेक्षाही मॅडमचं खरं भांडण होतं ते मायेशी. हा शब्द प्लांटवर बाबांनीच आणला होता. त्यांचे वडील शिंपी. पुढेमागे अंग भरलं तर उसवून घेता यावं म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. बाबांनी तीच सिमेंटमध्ये सोडली. ठरल्या मापावर थोडं वरून. कुणी विचारलं तर "माया आहे," म्हणायचे. बघता बघता सगळा प्लांट मायाळू झाला. मॅडमनी हिशेब मांडून पाहिला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की फाटकातून रोज बाहेर पडणाऱ्या सिमेंटमधलं बरंचसं कुणाला नकोच असतं. ती नुसती काळजी असते. भाजलेली, दळलेली, गोणीत भरलेली काळजी.

म्हणून नवं मिश्रण चालू करताना त्यांनी प्लांटच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत रंगवून घेतलं होतं: माया सोडू नये.

"बाबा," मॅडमनी विचारलं, "हे साचे कोणी भरले?"

"मीच. दुसरं कोण भरणार?"

"नुसते भरले?"

बाबा खिशात चष्मा शोधू लागले. चष्मा नाकावर होता.

"बाबा."

"दोन मुठी," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "साध्या सिमेंटच्या. दर साच्याला. नीट कालवून हो, गुठळी नाही होऊ दिली."

"का पण?"

"आता का म्हणजे काय. तुझं पहिलं मोठं काम. तुमचं. रात्ररात्र जागताना बघत नव्हतो का मी? जेवताना भाकड गाईसारखी शून्यात नजर लावून बसायचीस. म्हटलं, पोरीचे ठोकळे तरी दगा द्यायला नकोत."

"आणि स्लॅबमध्ये?"

"छे छे." बाबांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "स्लॅबला हातही नाही लावला. लावू नका म्हणून तुम्हीच बजावलं होतं."

बाहेर मोटारपंप घरघरत होता. तो आवाज सकाळपासूनच चालू होता. मॅडमना तो आत्ता ऐकू आला.

आवाराच्या टोकाला, खडीच्या ढिगांपलीकडे, त्यांच्या मिश्रणाची पहिली खोली उभी होती. चार भिंती आणि वर स्लॅब. हा स्लॅब उत्तीर्ण झाला, की याच मिश्रणानं तीन मजली शाळा बांधायची असं ठरलेलं. ठोकळ्यांची पहिली तुकडी मॅडम मळी आणायला पोलाद कारखान्यात गेल्या असताना फोडली गेली होती. आकडे इतके दणदणीत आले, की मालकांच्या अंगात वारं शिरलं. सावकाश आवळणारं मिश्रण आहे, टेकू आणखी राहू द्या, असं मॅडम फोनवर म्हणाल्या. मालक म्हणाले, अहो, ठोकळा बोलतोय, आपण कशाला बोला. त्यांनी टेकू काढायला लावले आणि भारचाचणीही लवकर लावून टाकली. स्लॅबवर कडेनं विटांचा बांध घालून ताडपत्री अंथरायची, तिच्यात पाणी सोडत जायचं आणि खाली लावलेल्या डायलवर स्लॅब किती वाकतो ते वाचायचं. आज तेच चाललं होतं.

म्हणजे वर पाण्याचा भार चढत होता, खाली स्लॅब कच्चा असण्याची दाट शक्यता होती, आणि त्याच्यासाठी जो जामीन राहिला होता तो खोटा होता.

मॅडम निघाल्या त्या चप्पल एका पायातच घालून.

"जपून," बाबा मागून म्हणाले आणि गुडघे विसरून त्यांच्या मागे निघाले.

चाचणीच्या जागी मालक खुर्च्या मांडून घेत होते. शाळेचे लोक दुपारी यायचे होते. मिक्सर गाडीचा ड्रायव्हर पाण्याच्या पाइपापाशी उभा होता आणि मुकादम बांधावर बसून ताडपत्रीत पाणी कितपत चढलं ते बघत होता. तळं काठोकाठ भरायला फारसं उरलं नव्हतं.

"पंप बंद करा," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही आधी वरून उतरा."

ड्रायव्हरनं मालकांकडे पाहिलं. मुकादमानं ड्रायव्हरकडे पाहिलं. अशा वेळी एकमेकांकडे बघण्यात जो वेळ जातो त्यात पुष्कळ पाणी मावतं. मॅडमनी स्वतःच बटण दाबलं. पंप थांबला.

"अहो मॅडम, भरत आलंय," मालक म्हणाले. "आत्ताच कुठे रंग भरायला लागला."

"ठोकळे चुकीचे आहेत. स्लॅबची ताकद किती, ते आपल्याला माहीतच नाही. खाली कोण आहे?"

"खाली कोण असणार? पणसाहेब."

पणसाहेब म्हणजे शाळेनं नेमलेले सल्लागार. त्यांचं कुठलंही वाक्य पणनं सुरू होई, मग आधी कुणी काही बोललेलं असो वा नसो. त्यांनीच या स्लॅबचं गणित केलं होतं, आणि डायल स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय शाळेला हो म्हणणार नाही असं बजावून ते सकाळीच खोलीत खुर्ची टाकून बसले होते.

मॅडमनी दारातून हाक मारली. "साहेब, बाहेर या. लगेच."

"पण मी एक वाचन घेतोय."

"वाचन राहू द्या. क्यूब खोटे निघालेत."

"पण काटा तर अजून..."

आत कुठंतरी कट्ट असा आवाज झाला. वीट सरकली असेल, ताडपत्रीची घडी उलगडली असेल, काहीही असेल. मॅडमनी मान वर करून पाहिलं. साहेबांच्या डोक्यावर राखाडी, ओलसर, मुकाट छत होतं. त्यातला प्रत्येक कण त्यांनी निवडलेला, आणि त्यातल्या एकाचाही त्यांना भरवसा वाटेना. त्या आत शिरल्या.

"सूनबाई," बाबा दारात येऊन पोचले होते. "बाहेर ये. आत नको जाऊस. सूनबाई."

फाटकाच्या आत हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. वरून उतरलेल्या मुकादमानं टोपी काढली आणि का काढली ते न कळून परत घातली.

पणसाहेब खुर्ची सोडायला तयार नव्हते. डायलचा काटा सोडून उठलं तर सकाळपासूनचं काम वाया जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅडमनी वाद घातला नाही. खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची साहेबांसकट दाराकडे ओढत आणली. खुर्ची प्लास्टिकची आणि साहेब किडकिडीत, म्हणून जमलं. उंबऱ्याला पाय अडकून दोघंही बाहेर धुळीत आले, तेव्हा साहेबांच्या तोंडी अर्धा 'पण' होता.

सगळे मागे सरून उभे राहिले. वरचं पाणी उपसायला नळी टाकली होती. ती बारीक होती, आणि पाणी घाई नसल्यासारखं गळत होतं. स्लॅबकडे बघत राहण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं, आणि स्लॅबही आपल्याकडे बघतोय असं मॅडमना वाटू लागलं.

"आता सांगा," मालक म्हणाले. "खोटे म्हणजे काय?"

मॅडमच्या जिभेवर बरंच काही आलं. यंत्र बिघडलं म्हणता आलं असतं. साचे बदलले गेले म्हणता आलं असतं. शेजारी बाबा गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत उभे होते.

"साच्यांत वरून सिमेंट घातलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या बाबांनी. स्लॅबमध्ये नाही, फक्त साच्यांत."

"दोन मुठी," बाबा म्हणाले. उगाच कुणी जास्त समजू नये म्हणून.

मालकांनी डोकं धरलं. पणसाहेब कपडे झटकत पुढे आले, दारातून वाकून लांबूनच डायलकडे डोळे बारीक करून पाहू लागले.

"पण," ते म्हणाले, "हा वाकलाय कुठे? एवढा भार घेऊन काटा जेमतेम हललाय. मळीचा कच्चा स्लॅब याच्या दुप्पट वाकायला हवा. हा तर ढिम्म आहे."

तेव्हा ड्रायव्हर खाकरला.

"मॅडम, एक बोलू का?"

"बोला."

"रागावणार नसाल तर."

"रागवायला आता जागा नाही उरलेली. बोला."

"गाडी इकडे आणताना ड्रमात मी थोडं सिमेंट सोडलं होतं. तीन गोण्या. चार असतील." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "तुम्हीच तर लिहिलंय. माया सोडू नये. म्हटलं, बाई शिकलेली आहे पण रीत पाळून आहे. आम्ही कशाला सोडू."

मॅडमनी भिंतीवरची ती ठसठशीत अक्षरं पुन्हा वाचली. गेले कित्येक दिवस त्या रोज त्यांच्याखालून जात होत्या. शिंप्याच्या घरी त्या पाटीचा एक अर्थ होता आणि बाकी सगळ्या जगात दुसरा.

"मीसुद्धा तेच समजलो," मुकादम म्हणाला. ओझं कमी होतंय असं दिसताच तोही रांगेत आला. "सळया थोड्या उरल्या होत्या. टाकून दिल्या मधेमधे. लोखंड काय, खाली पडून गंजणारच."

मग सगळे पणसाहेबांकडे पाहू लागले. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. साहेबांनी बाहीवरची धूळ पुन्हा एकदा झटकली. ती मघाशीच झटकून झाली होती.

"पण जाडी मी थोडी वाढवलीय, हे खरं आहे," ते म्हणाले. "गणितात पाच इंच येत होती. नवं मिश्रण. म्हटलं, सहा करू."

फक्त मालकांनी काही घातलं नव्हतं. त्याबद्दल कुणाच्या मनात शंकाही आली नाही.

"म्हणजे पडत नाही ना?" मालकांनी विचारलं.

"याच्यावर हत्ती नाचवा," मॅडम म्हणाल्या.

"मग झालं तर." मालकांचा चेहरा उजळला. "पंप लावा. दुपारी शाळेचे लोक येतील, भरलेलं तळं बघतील, डायल बघतील, चहा पितील. साच्यांचं कशाला बोलायचं? स्लॅब उभा आहे. साहेबांनी डोळ्यांनी पाहिलाय."

पंप लावला असता तर त्या दिवशी मॅडमचं मिश्रण पास झालं असतं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हातभर अंतरावर होतं. फक्त बटण दाबायचं. आणि मग शाळा बांधताना त्या केबिनला कुलूप घालणार होत्या, गोण्या मोजून देणार होत्या, सळया मोजून घेणार होत्या, कारण मुद्दाच तो होता. तो बिनमायेचा स्लॅब पोरांच्या डोक्यावर जाणार होता, आणि त्याची हमी हा सहा इंची, चार गोण्यांचा, लोखंडानं गच्च भरलेला लबाड देणार होता. कदाचित तो बिनमायेचाही उत्तम उभा राहील. मॅडमना मनापासून तसंच वाटत होतं. पण वाटणं म्हणजे पुन्हा मायाच.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "हा स्लॅब का पडत नाही, ते आपल्यापैकी एकालाही सांगता येणार नाही. मी यावर सही करणार नाही."

"अहो, शाळा जुन्या मिश्रणावर जाईल. तुमचंच काम बुडेल."

"बुडू दे."

बाबांनी मान खाली घातली.

मालक पणसाहेबांकडे वळले. साहेबांनी उलटी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"पण चाचणी झालीच कुठे?" ते म्हणाले. "मी वाचन घेत होतो, तेवढ्यात खुर्ची हलली. शाळेला मी असं कळवतो, की पहिला स्लॅब जसा ठरला तसा ओतलाच गेला नाही, आणि त्यात माझाही एक इंच आहे. पुन्हा ओता. पाच इंच. पण या वेळी टेकू काढायचा दिवस मॅडम ठरवतील." मालकांकडे बघून त्यांनी जोड दिली, "आणि हा फोडायचा खर्च मला नका सांगू."

दुसरा स्लॅब ओतला त्या दिवशी ड्रायव्हरनं गाडीच्या दोन्ही बाजूंची दारं उघडून आत गोणी नसल्याचं न विचारता दाखवलं. मुकादमानं उरलेल्या सळया साखळीनं बांधून साखळीची किल्ली मॅडमच्या टेबलावर आणून ठेवली. भिंतीवरचं वाक्य पुसून तिथं 'वरून काही घालू नये' असं लिहिलं होतं. त्यातून दुसरा अर्थ निघतो का, हे बघायला मॅडमनी ते आधी सगळ्यांकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मुकादमानं खालून घातलं तर चालेल का असं विचारलं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

साचे बाबांनीच भरले. दुसऱ्या कुणाला द्यावेत असं मालकांचं म्हणणं होतं, ते मॅडमनी ऐकलं नाही. प्रत्येक साचा भरून झाला, की बाबा दोन्ही तळवे उघडून दाखवत, शाळेत नखं दाखवावीत तसे. मॅडम बघत आणि मान हलवत. दोघांनाही त्याची लाज वाटत होती, पण थांबायचं कुणी सुचवलं नाही.

टेकू राहू दिले. मालक रोज येऊन त्यांच्याकडे बघून सुस्कारे टाकत.

मग ठोकळा जबड्यात गेला. काटा तिशी ओलांडून गेला, पस्तिशी ओलांडून गेला, आणि अडतीसवर बार झाला. मॅडमनी फाक उचलली. आत दौत सांडली होती.

"किती?" बाबांनी विचारलं.

"अडतीस."

"मागच्या खेपेला चोपन्न होते." बाबा खट्टू झाले. "काठावर पास झालीस म्हणायची."

"काठावरच व्हायचं होतं, बाबा."

हे त्यांना पटलं नाही, पण प्लांट असल्यामुळे ते "बरं, मॅडम," म्हणाले.

मॅडमनी ठरवलेल्या दिवशी टेकू निघाले, आणि चाचणीच्या दिवशी पणसाहेबांनी आपली खुर्ची पुन्हा आत नेली. नियमाप्रमाणे आत कुणी बसण्याची गरज नव्हती, डायल दुर्बिणीतूनही वाचता येतो. पण सगळ्यांसमोर खुर्चीसकट ओढले गेल्याचं त्यांच्या मनात राहिलं होतं. मॅडमनी तीच खुर्ची गच्च धरून त्यांना थांबवलं, दोन आडव्या लोखंडी घोड्या आणवल्या, स्लॅबखाली बोटभर फट ठेवून उभ्या केल्या, छत आलंच तर तिथं अडकावं म्हणून. आणि मग आपली खुर्ची साहेबांच्या शेजारी टाकली. पंप सुरू झाला.

थोड्या वेळानं बाबा स्टूल घेऊन आत आले.

"तुमचं इथं काय काम?" मॅडमनी विचारलं.

"बाहेर बसायला जागा नाही," बाबा म्हणाले. बाहेर मालकांनी मांडलेल्या खुर्च्यांची अख्खी रांग रिकामी होती. "जरा सरक."

मॅडम सरकल्या. वर पाणी चढत होतं. डायलचा काटा हलला, थांबला, परत हलला. बाबा छताकडे बघेनात, काट्याकडेही बघेनात. ते सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोन्ही मुठी त्यांनी मांडीवर घट्ट आवळल्या होत्या, आणि त्या रिकाम्या होत्या.

तळं भरलं. पंप थांबला. काटा मॅडमनी आधीच खडूनं खूण करून ठेवलेल्या मर्यादेच्या किंचित अलीकडे येऊन उभा राहिला आणि तिथून हलला नाही.

"पण," पणसाहेब म्हणाले, आणि पुढे त्यांना काही सुचेना.